म्युच्युअल विमा कंपनी मालकी बदलतेय आणि तुम्हाला जाडजूड पाकीट आलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असं पाकीट आलं की बहुतेक लोक ते जाहिरात समजून बाजूला टाकतात, नाहीतर पॉलिसीला काहीतरी झालं म्हणून घाबरतात. ही दोन्ही टोकं टाळायची असतील तर खालचं वाचा, सगळं नको असेल तर निदान पाकिटात काय असतं आणि पत्त्याचं काय करायचं एवढं तरी वाचाच.

म्युच्युअल कंपनी म्हणजे काय, आणि मी तिचा मालक कसा?

साध्या विमा कंपनीत भागधारक असतात, त्यांनी भांडवल घातलेलं असतं आणि नफा त्यांचा असतो. म्युच्युअलमध्ये भागधारक नसतातच, पॉलिसीधारक हेच सभासद. त्यामुळे एका पॉलिसीत तुमच्याकडे दोन गोष्टी असतात: एक विम्याचा करार, म्हणजे तुम्ही प्रीमियम भरायचा आणि ठरलेल्या वेळी कंपनीने पैसे द्यायचे, आणि दुसरी सभासदत्व, म्हणजे संचालक निवडायला मत देण्याचा आणि कंपनीकडे साठलेल्या जादा शिलकीत हिस्सा असण्याचा हक्क. हा दुसरा भाग विकता येत नाही, त्याचा वेगळा कागद हातात नसतो, आणि पॉलिसी संपली की तोही संपतो. म्हणून तो आपल्याकडे आहे हेच लोकांना माहीत नसतं. पाकीट येतं ते याच दुसऱ्या भागाबद्दल.

मालकी बदलते म्हणजे नक्की काय होतं?

सर्वात माहितीतला प्रकार म्हणजे डीम्युच्युअलायझेशन, कंपनी शेअर असलेली होते, सभासदत्वाचे हक्क संपतात आणि त्या बदल्यात सभासदांना शेअर, रोख किंवा पॉलिसीतच वाढीव रक्कम मिळते. अमेरिकेत जॉन हॅनकॉक आणि मेटलाइफ २००० मध्ये, प्रिन्सिपल आणि प्रुडेन्शियल २००१ मध्ये असे बदलले. कॅनडात १९९९ आणि २००० या दोन वर्षांत मॅन्युलाइफ, कॅनडा लाइफ, सन लाइफ अशा मोठ्या कंपन्या एकामागोमाग बदलल्या, ऑस्ट्रेलियात एएमपी १९९८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत सानलाम १९९८ आणि ओल्ड म्युच्युअल १९९९ मध्ये, जपानमध्ये दाइ-इची लाइफ एप्रिल २०१० मध्ये.

दुसरा प्रकार म्हणजे कुणीतरी मोठा खरेदीदार येतो आणि कंपनी त्याच्या ताब्यात जाते, सभासदांना खरेदीच्या किमतीतून पैसे मिळतात. ब्रिटनच्या लॉइड्स टीएसबी बँकेने स्कॉटिश विडोज ही विमा कंपनी २००० मध्ये घेतली ती अशी. तिसरा प्रकार म्युच्युअल होल्डिंग कंपनीचा, त्याचा प्रश्न खाली वेगळा घेतलाय कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज होतात.

चांगली चालली असताना कंपनी हे करतेच कशाला?

मुख्य कारण भांडवल. म्युच्युअल कंपनीला शेअर विकून पैसा उभा करता येत नाही, तिच्याकडे स्वतःची साठलेली शिल्लक आणि कर्ज एवढेच मार्ग असतात, त्यामुळे मोठा तोटा झाला किंवा दुसरी कंपनी विकत घ्यायची असली की अडचण होते. अमेरिकेतली इक्विटेबल १९९२ मध्ये बदलली ती अडचणीत होती म्हणून, तिच्यात आदल्या वर्षीच फ्रान्सच्या आक्सा या विमा कंपनीने मोठी रक्कम घातली होती.

पण पत्रात क्वचितच ठळक दिसणारं अजून एक कारण असतं, शेअर असलेल्या कंपनीत वरच्या अधिकाऱ्यांना पगाराबरोबर शेअर आणि स्टॉक ऑप्शन (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) देता येतात. यात बेकायदा काही नाही, पण ज्यांनी योजना बनवली त्यांनाच तिचा फायदा होणार असेल तर ते सभासदांना पहिल्या काही पानांत सरळ सांगायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तुमच्या पुस्तिकेत संचालक आणि अधिकाऱ्यांच्या हितसंबंधांचा भाग शोधा, तो बहुतेक मागे असतो.

आणि सगळ्याच कंपन्या बदलतात असं काही नाही. न्यूयॉर्क लाइफ, मासम्युच्युअल, नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल, जपानची निप्पॉन लाइफ या आजही म्युच्युअल आहेत आणि मोठ्या आहेत.

प्रत्येकाला पत्र पाठवायलाच लागतं का? वेबसाइटवर टाकलं तर चालत नाही?

नुसतं वेबसाइटवर टाकून भागत नाही. तुमचा एक हक्क काढून घेऊन त्याच्या बदल्यात दुसरं काही द्यायचंय, तर ते तुम्हाला कळवून, विचारण्याइतका वेळ देऊन आणि मत घेऊनच करता येतं. नेमके नियम देशागणिक आणि अमेरिकेत तर राज्यागणिक वेगळे आहेत, पण साचा सगळीकडे साधारण सारखाच: संचालक मंडळ योजना मंजूर करतं, ती विमा नियामकाकडे किंवा कोर्टात जाते, पॉलिसीधारकांना नोटीस जाते, सुनावणी होते, मतदान होतं, मग शेवटची मंजुरी. न्यूयॉर्कच्या कायद्यात योजना पास व्हायला पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश लागतात. ब्रिटनमध्ये व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा तर स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल आणि हायकोर्टाची मंजुरी लागते.

पाकिटात काय काय असतं?

साधारणपणे एक सही असलेलं पत्र, एक जाड माहिती पुस्तिका, मतपत्रिका किंवा प्रॉक्सी कार्ड (तुमच्या वतीने दुसऱ्याला मत द्यायला सांगणारं कार्ड), परतीचं पाकीट, आणि बऱ्याचदा तुमच्या नावाचं एक वेगळं पान ज्यावर तुमचे पॉलिसी नंबर आणि अंदाजे मोबदला छापलेला असतो. हे शेवटचं पान सगळ्यात कामाचं. त्यावरचे पॉलिसी नंबर स्वतःच्या कागदांशी एकेक करून ताडून बघा, कारण तीन पॉलिसी असताना दोनच दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे, एखादी जुनी पॉलिसी लग्नाआधीच्या नावावर असते, एखाद्यात स्पेलिंग वेगळं असतं, आणि कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

पुस्तिकेत पुढच्या गोष्टी असायलाच हव्यात, नसतील तर फोन करून मागा: योजना कोणत्या तारखेला मंजूर झाली आणि कोणत्या तारखेला पॉलिसी चालू असणं गरजेचं होतं, मोबदल्याचं सूत्र, सभासद म्हणून काय काय संपणार, बोनसचं काय, टॅक्सचं काय, अ‍ॅक्चुअरी (विम्याचं गणित मांडणारे तज्ज्ञ) आणि आर्थिक सल्लागारांची मतं, सुनावणीची तारीख आणि ठिकाण, मत पोहोचायची शेवटची तारीख, आणि योजना नापास झाली तर पुढे काय होईल.

एवढं सगळं वाचायला वेळ नाहीये, आधी काय बघू?

तुमच्या नावाचं पान, मग मताची शेवटची तारीख, मग "तुमचे कोणते हक्क संपतील" हा भाग, मग बोनस. सही असलेलं पत्र सगळ्यात शेवटी वाचा, कारण ते बाजू मांडण्यासाठी लिहिलेलं असतं. फायदे चार पानं आणि तोटे एका परिच्छेदात असतील तर तोट्यांचा परिच्छेद दोनदा वाचा.

माझी पॉलिसी रद्द होणार का? प्रीमियम वाढणार का?

नाही. विम्याचा करार जसाच्या तसा राहतो, विम्याची रक्कम, ठरलेला प्रीमियम, हमी दिलेले फायदे, नॉमिनी, यातलं काहीही मालकी बदलल्यामुळे बदलत नाही. प्रीमियम भरणं मात्र थांबवू नका, काहीजण "आता कंपनीच बदलतेय, बघू नंतर" म्हणून हप्ता चुकवतात, पॉलिसी लॅप्स होते आणि विमाही जातो आणि मोबदलाही.

हमी ठीक आहे, पण दरवर्षीच्या बोनसचं काय?

हा खरा प्रश्न आहे, कारण बोनसची हमी नसते. म्युच्युअल असताना जादा शिल्लक शेवटी सभासदांकडेच फिरत होती, आता त्याच टेबलावर भागधारकही येऊन बसणार आणि त्यांना लाभांश हवा असणार. यासाठी अमेरिकेत आणि कॅनडात क्लोज्ड ब्लॉक नावाची व्यवस्था करतात: सध्याच्या बोनसवाल्या पॉलिसी एकत्र करून त्यांच्यासाठी मालमत्तेचा एक वेगळा हिशेब बाजूला काढला जातो, आणि तो इतका ठेवतात की परिस्थिती आत्तासारखीच राहिली तर सध्याच्या दराने बोनस देत राहता येईल. त्या हिशेबातले पैसे भागधारकांकडे वळवता येत नाहीत, आणि शेवटची पॉलिसी संपेपर्यंत तो हळूहळू रिकामा होत जातो.

आता "परिस्थिती आत्तासारखीच राहिली तर" हे शब्द नीट बघा. व्याजदर पडले किंवा क्लेम वाढले तर बोनस कमी होऊ शकतो, तेव्हा क्लोज्ड ब्लॉक हे बोनसच्या रकमेचं वचन नाही, बोनसचे पैसे दुसरीकडे जाणार नाहीत एवढंच वचन आहे. नोटिशीत हा फरक साध्या भाषेत लिहिलेला नसेल तर ती नोटीस अपुरी आहे, मग कागद कितीही गुळगुळीत असो.

मोबदला किती मिळणार हे ठरतं कसं?

बहुतेक योजनांत दोन भाग असतात. एक ठरावीक भाग, जो प्रत्येक पात्र सभासदाला सारखा मिळतो, तो मताच्या हक्काच्या बदल्यात, कारण मत बहुतेक ठिकाणी एका सभासदाला एकच असतं. दुसरा बदलता भाग, जो तुमच्या पॉलिसीने कंपनीच्या शिलकीत किती भर घातली आणि पुढे किती घालेल यावर अ‍ॅक्चुअरी काढतात. समजा ठरावीक भाग १० शेअरचा आहे, तर छोट्या टर्म पॉलिसीवाल्याला (ठरावीक मुदतीचा, बोनस नसलेला विमा) १० किंवा थोडेसे जास्तच मिळतील, आणि वीस वर्षं बोनसवाली मोठी पॉलिसी चालवणाऱ्याला ते १० आणि वर बरेच. शेजाऱ्याचा आकडा वेगळा आहे म्हणून चूक झाली असं लगेच धरू नका, पण पॉलिसीचा प्रकार, सुरू झाल्याची तारीख किंवा रक्कम चुकीची छापली असेल तर लेखी कळवा.

यात एक गोष्ट मला कायम खटकत आलीय. ती शिलकीची रास अनेक पिढ्यांच्या सभासदांनी उभी केलेली असते, ज्यांचे क्लेम होऊन गेले, पॉलिसी संपल्या, आणि वाटणी मात्र त्या एका तारखेला हजर असलेल्यांमध्ये होते. कायदा असाच आहे आणि दुसरा सोपा मार्गही नाही, पण म्हणूनच आज सभासद असलेल्यांनी निदान विचार करून मत द्यावं.

नोटीस कुणाच्या नावाने येते? विमा बायकोचा आहे, प्रीमियम मी भरतो.

पॉलिसीचा मालक म्हणून कंपनीच्या रेकॉर्डवर जो असेल त्याच्या नावाने. ज्याचा विमा आहे तो, नॉमिनी, किंवा ज्याच्या खात्यातून हप्ता जातो तो, यांना त्या नात्याने मत नसतं. ग्रुप पॉलिसीत मालक सहसा नोकरी देणारी संस्था असते, म्हणून पाकीट तिच्याकडे जातं, तुमच्याकडे नाही. त्या पैशाचं संस्था काय करणार हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, विशेषतः प्रीमियमचा काही भाग तुमच्या पगारातून कापला जात असेल तर.

मधेच पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे घेतले तर?

योजनेत दिलेल्या तारखा बघितल्याशिवाय करू नका. काही योजनांत ठरलेल्या एका दिवशी पॉलिसी चालू असली तरी पुरतं, काहींत त्याच्या आधी एक वर्ष वगैरे चालू असावी लागते, आणि चार दिवस आधी सरेंडर केलेल्याला काहीच मिळत नाही. उलटं पण आहे, बातमी वाचून आता नवीन पॉलिसी घेतली तर मोबदला मिळत नाही, तारीख मागची धरलेली असते ती याचसाठी.

आमच्या पत्रात "म्युच्युअल होल्डिंग कंपनी" असं लिहिलंय आणि मोबदल्याचा उल्लेखच नाही. चूक आहे का?

चूक नाही, हा प्रकारच तसा आहे. यात वर एक म्युच्युअल होल्डिंग कंपनी बनते, तुमचं सभासदत्व तिच्यात जातं, विम्याचा करार खालच्या शेअरवाल्या कंपनीत राहतो, आणि या खालच्या कंपनीचे किंवा दोघींच्या मधे काढलेल्या एखाद्या कंपनीचे थोडे शेअर पुढे बाहेर विकता येतात. तुम्ही सभासद राहता, म्हणून तुम्हाला काहीच वाटलं जात नाही. अमेरिकेत आयोवा राज्याने १९९० च्या दशकाच्या मध्यात याचा कायदा केला, पॅसिफिक लाइफ १९९७ पासून अशी आहे.

इथे नोटीस जास्तच बारकाईने वाचा. बाहेरच्या भागधारकांना शेअर विकले तर कंपनीच्या नफ्यात वाटेकरी येतो, आणि तुमच्या हातात मात्र आधीसारखाच न दिसणारा हक्क राहतो, तोही एक पायरी लांब गेलेला. होल्डिंग कंपनीने बहुमत स्वतःकडे ठेवायचं बंधन असतं का, पुढे पूर्ण डीम्युच्युअलायझेशन झालं तर सभासदांना परत विचारणार का, ही उत्तरं कागदावर शोधा.

मी मत दिलंच नाही तर मोबदला जातो का?

नाही, पात्र असाल आणि योजना पास झाली तर मत न देणाऱ्यालाही आणि विरोधात देणाऱ्यालाही मिळतो. कंपनीचा माणूस फोनवर "हो म्हणा नाहीतर पैसे जातील" असं सांगत असेल तर ते चूक आहे, नाव आणि वेळ लिहून ठेवा आणि नियामकाला कळवा.

एका मताने काय फरक पडणार, ठरलेलंच असतं ना सगळं?

ठरलेलं नसतं. ब्रिटनच्या एलव्ही या कंपनीच्या सभासदांपुढे डिसेंबर २०२१ मध्ये बेन कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला ती विकायचा प्रस्ताव आला होता, बाजूने ६९ टक्के मतं पडली, पण हवी होती ७५ टक्के, आणि विक्री बारगळली. त्यात सभासदांना प्रत्येकी १०० पौंड मिळणार होते आणि एवढ्यावर सभासदत्व सोडायचं का यावर खूप चर्चा झाली होती. स्कॉटलंडच्या स्टँडर्ड लाइफ या विमा कंपनीचं तर दोन्ही बाजूंनी उदाहरण आहे, २००० मध्ये सभासदांनी डीम्युच्युअलायझेशन नाकारलं, तेव्हा संचालक मंडळच म्युच्युअल राहायच्या बाजूने होतं, आणि २००६ मध्ये मंडळानेच प्रस्ताव आणला तेव्हा जवळपास ९८ टक्के मतांनी तो पास झाला.

सुनावणीत आपल्यासारख्यांना बोलता येतं का?

जिथे जाहीर सुनावणी असते तिथे हो, आणि जाता येत नसेल तर लेखी म्हणणं पाठवता येतं. वकील लागत नाही. मोघम "हे अन्यायाचं आहे" असं न लिहिता "माझ्या अमुक प्रकारच्या पॉलिसीला बदलता भाग शून्य का दाखवलाय" असं नेमकं लिहा, त्याला उत्तर द्यावं लागतं.

पत्ता बदललाय, पाकीट आलंच नाही. आता?

ही सगळ्यात मोठी गळती आहे. कंपनी रेकॉर्डवरच्या शेवटच्या पत्त्यावर पाकीट पाठवते आणि बहुतेक ठिकाणी कायद्याच्या नजरेत तेवढं पुरतं, तुम्हाला मिळालं नाही म्हणून मतदान रद्द होत नाही. तिशी-चाळिशीत काढलेल्या पॉलिसी, हप्ते भरून संपलेले, कंपनीकडून वर्षानुवर्षं काही पत्रव्यवहार नाही, मधे तीन घरं बदललेली, अशा लोकांची पाकिटं परत येतात.

तुम्ही पात्र असाल तर तुमचा मोबदला तरीही तुमचाच असतो, तो काही काळ कंपनीकडे पडून राहतो आणि मग बेवारस रक्कम म्हणून सरकारजमा होतो. अमेरिकेत अनेक राज्यांनी डीम्युच्युअलायझेशनच्या रकमेसाठी ही मुदत नेहमीपेक्षा कमी ठेवलीय, पण राज्याच्या बेवारस मालमत्ता विभागाकडे नाव शोधून ती नंतरही मागता येते. म्हणून आधी कंपनीला नवा पत्ता लेखी कळवा, पोच घ्या, मग पाकिटाची दुसरी प्रत मागा.

कंपन्यांबद्दल माझं म्हणणं एवढंच की हप्ता थकला तर माणूस शोधून काढता येतो, तर मग पैसे द्यायचे असताना एक पत्र परत आलं म्हणून फाइल बंद करणं पटत नाही. फोन, ईमेल, एजंट, नॉमिनीचा पत्ता, एवढं तरी बघायलाच पाहिजे.

वडील वारलेत, त्यांच्या कागदांत जुन्या म्युच्युअल कंपनीची पॉलिसी सापडली.

आधी बघा की ती कंपनी बदलली त्या तारखेला पॉलिसी चालू होती का आणि वडील तेव्हा हयात होते का. हयात असतील तर मोबदला त्यांच्या नावावर निघालेला असणार आणि तो न घेतलेला असेल तर वारसांना मिळू शकतो, विम्याचा क्लेम आधीच मिळालेला असला तरी. हा हक्क सहसा नॉमिनीचा नसून वारसांचा असतो, त्यामुळे वारसाचे कागद लागतील. कंपनीचं नाव आता वेगळं असू शकतं.

शेअर घेऊ की रोख?

हा प्रश्न योजनेत निवड दिली असेल तरच येतो. शेअर घेतले की तुम्ही एका कंपनीचे भागधारक होता, भाव वरखाली होतो, आणि पॉलिसी आणि गुंतवणूक दोन्ही एकाच कंपनीत अडकतात. थोडेसेच शेअर असतील तर विकायला दलालीच जास्त जाते, म्हणून कमी दलालीत किंवा फुकट विकायची सोय दिलीय का ते पुस्तिकेत बघा. मेटलाइफने तर शेअर थेट न देता एका ट्रस्टमध्ये ठेवले आणि सभासदांना ट्रस्टमधला हिस्सा दिला होता. कार्ड भरून पाठवलं नाही तर काय मिळणार हेही योजनेत आधीच ठरलेलं असतं, ते माहीत करून घ्या.

टॅक्स लागतो का?

देशावर आणि मोबदल्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. सर्वात जास्त वाद अमेरिकेत झालाय: मिळालेले शेअर विकले तर त्यांची मूळ किंमत किती धरायची? टॅक्स खात्याचं म्हणणं शून्य, म्हणजे विक्रीची सगळी रक्कम नफा. २००८ मध्ये एका कोर्टाने करदात्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०१५ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील कोर्टाने दुसऱ्या खटल्यात शून्यच बरोबर म्हटलं. तेव्हा विकण्याआधी टॅक्सवाल्याला पुस्तिकेतला टॅक्सचा भाग दाखवा.

"तुमचे शेअर अडकलेत, सोडवून देतो" असा फोन आला.

पैसे, ओटीपी, बँक पासवर्ड यातलं काहीही देऊ नका. मोबदला मिळवायला कंपनीला फी द्यावी लागत नाही. काही लोक टक्केवारी घेऊन रक्कम शोधून देतात, ते सगळेच फसवे नसतात, पण तेच काम स्वतः फुकटात होतं. पाकिटावरचा नंबरही एकदा कंपनीच्या जुन्या पावतीवरच्या नंबराशी जुळवून बघा.

कागद किती दिवस जपायचे?

तुमच्या नावाचं पान, मोबदल्याचं पत्र आणि शेअर मिळाल्याची तारीख, हे शेअर विकून त्या वर्षाचा टॅक्सचा हिशेब पूर्ण मिटेपर्यंत. पुस्तिकेतला क्लोज्ड ब्लॉकचा भाग मात्र पॉलिसी चालू आहे तोवर पॉलिसीच्या कागदांतच ठेवा, कारण पुढे कधी बोनस कमी झाला तर कंपनीला काय विचारायचं ते त्याच पानांवर आहे.